रिकार्डोचे गणित आणि मोहोपाड्याचा हिशेब

१/ व्यापारात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, अशी सर्वसाधारण समजूत असते. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये ती खोडून काढली. आजचा थ्रेड त्याच्या गणिताविषयी, आणि ते गणित मला जिथे हटकून आठवते त्या खालापूर तालुक्यातील मोहोपाड्याविषयी.

२/ रिकार्डोचे उदाहरण असे : ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात, ठरावीक वाइनसाठी १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कापडाला ९० आणि त्याच वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस. मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावेच का?

३/ कारण त्याची सरशी वाइनमध्ये अधिक आहे. ८० माणसांची वाइन देऊन कापड घेतले, तर त्याचे १० माणसांचे श्रम वाचतात. इंग्लंडला १०० माणसांच्या कापडावर वाइन मिळते. त्याचे २० वाचतात. लाभ दोघांनाही होतो. हाच तुलनात्मक लाभाचा सिद्धांत.

४/ वसाहतकाळात याच विचाराला वेगळे वळण मिळाले : हिंदुस्थानने कच्चा माल पिकवावा, पक्का माल इंग्लंडने करावा. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी ही वाटणी निसर्गनियम म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. उद्योग उभारणीत सरकारने साहाय्य करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अनुकूलता कमावताही येते, हा त्यामागचा आशय.

५/ स्वातंत्र्यानंतर हा विचार धोरणात उतरला. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि मोहोपाड्याला लागून रसायनी येथे तिचा कारखाना उभा राहिला. रंग, औषधे, रबर यांना लागणारी अॅनिलिन, नायट्रोबेन्झीनसारखी रसायने देशातच तयार व्हावीत, हा हेतू. लोक तिला ‘एचओसी’च म्हणत.

६/ १९९१ नंतर आयातशुल्क उतरत गेले. परदेशी मालाशी स्पर्धा वाढली, कंपनी तोट्यात रुतली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील न परवडणारे प्रकल्प बंद करण्यास आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकण्यास मंजुरी दिली.

७/ रिकार्डोच्या हिशेबाने पाहता यात देशाचा लाभही आहे : रसायन स्वस्त मिळाले, तर रंग आणि औषधे करणाऱ्यांचा खर्च उतरतो. पण गणितात ‘वाचलेली’ माणसे पुढच्याच ओळीत दुसऱ्या कामाला लागतात. मोहोपाड्याच्या नाक्यावर मला त्यांचाच प्रश्न पडतो. पन्नाशीच्या कामगाराला नवे कौशल्य कोण शिकवणार? त्याच्या पगारावर चालणाऱ्या दुकानाचे काय?

८/ एक प्रकल्प मात्र टिकवायचे ठरले. इस्रोच्या ‘विकास’ इंजिनाला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प इस्रोकडे सोपवण्याचा निर्णय त्याच वेळी झाला. काही वस्तूंची किंमत केवळ बाजारभावाने ठरत नाही, हे सरकारनेही मान्य केले.

९/ म्हणून रिकार्डो चुकला, असे मी म्हणणार नाही. व्यापाराने एकूण लाभ वाढतो, हे त्याने सिद्ध केले. तो कोणाच्या पदरात पडावा, हे ठरवणे समाजाचे काम. लाभ साऱ्या देशाचा असेल, तर त्यातला वाटा जिथे कारखाना बंद पडला त्या गावाकडेही वळला पाहिजे.

आपल्या परिसरात असा बंद कारखाना असेल, तर त्यानंतर गावाचे काय झाले, ते अवश्य लिहा.