तानसाकाठचे निरोप

ईदला आठवडाही झाला नव्हता. १६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत ७५ वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस पडला. अल ऐनजवळ चोवीस तासांत अडीचशे मिलिमीटरहून जास्त. शारजातलं आमचं तळमजल्यावरचं घर पाण्यात गेलं. दुसरं मिळालं, पण इंटरनेट जोडणारा ‘उद्या येतो’ म्हणत राहिला. इथे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही, चालतात त्या अॅपसाठी आम्ही घरच्या नेटवरच अवलंबून होतो. तानसाला अम्मींचा एकच हट्ट: मुलांचे चेहरे दाखवा. आमच्याकडे फक्त रेकॉर्ड केलेले निरोप.

त्यांच्या निरोपांतून मात्र गाव दिसायचं. करवंदं अजून हिरवी. तलाव उतरलाय, काठचा चिखल उघडा पडलाय. १८९२ पासून हे पाणी मुंबईला जातं; शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरच. हे आम्हाला कधीच पटलेलं नाही.

“तुमच्या घरात पाणी घुसलं, इथे हंडा रिकामा,” अम्मी एकदा म्हणाल्या. हसून की रागाने, आवाजावरून कळेना.

बाराव्या दिवशी जोडणी झाली. अम्मींनी मुलांना डोळे भरून पाहिलं, मग तलाव दाखवायला फोन फिरवला, आणि त्यांच्याकडची रेंज गेली.