बुडबुडे आणि अस्तर

१.
कुपीत पांढरी भुकटी. सलाइन घालून २० सेकंद जोरात हलवली की दुधासारखं पाणी. हाताच्या शिरेतून २ मिलिलिटर गेलं, की थोड्याच वेळात इकोच्या पडद्यावर हृदयाचा काळा डावा कप्पा पांढरा भरून येतो. पुसट कड रेघेसारखी उमटते.

२.
तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची. त्या दुधाळ पाण्यातला बुडबुडा साधारण २-३ मायक्रॉनचा. पेशी जाते तिथून तोही जातो.

३.
आत सल्फर हेक्झाफ्लोराइड. सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला भरतात तोच वायू. २ मिलिलिटरमध्ये जेमतेम १६ मायक्रोलिटर, थेंबाहून कमी. काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर. किडनीला त्रास नाही.

४.
१९६८, रोचेस्टर, न्यूयॉर्क. रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शाह महाधमनीच्या मुळाचा इको पाहत होते. इंजेक्शन दिलं की पडद्यावर ढग उठायचा. तो ढग बुडबुड्यांचा.

५.
धमनीचं आतलं अस्तर एका पेशीइतकंच जाड. ते नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने धमनी सैलावते.

६.
ध्वनी सौम्य असला की बुडबुडा फुगतो, आक्रसतो. तीव्र असला की फुटतो, आणि जवळच्या अस्तराला धक्का बसतो. पाण्यातली पोकळी कशी मिटते याचं गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली मांडलं. तेव्हा प्रश्न जहाजांच्या झिजणाऱ्या पंख्यांचा होता.

७.
१९९८. उंदरांच्या स्नायूत बुडबुडे, वरून ध्वनी. केशवाहिन्या फुटल्या, तांबड्या पेशी बाहेर आल्या.

८.
२००१. सशांच्या मेंदूत बुडबुडे, वरून ध्वनी. औषधांना आत न सोडणाऱ्या वाहिन्या थोडा वेळ उघडल्या, मग मिटल्या.

९.
पडद्याच्या कोपऱ्यात ‘एमआय’ (मेकॅनिकल इंडेक्स) हा आकडा असतो, ध्वनी किती तीव्र ते सांगणारा. यंत्राची कमाल मर्यादा १.९. कॉन्ट्रास्टने, म्हणजे हे बुडबुडे देऊन, पाहताना तो सहसा ०.३च्या खाली ठेवतात.

१०.
मानेच्या धमनीतला चरबीचा थर साध्या सोनोग्राफीत नुसता जाड दिसतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर काहींच्या थरात ठिपके चमकतात, सरकतात. बुडबुडा रक्तवाहिनी सोडत नाही. म्हणजे थरात नव्या वाहिन्या फुटल्या आहेत.

११.
बुडबुड्यांच्या काही औषधांत पॉलिएथिलिन ग्लायकॉल असतं. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायच्या काही भुकट्यांतही तेच असतं. तशी भुकटी घेऊन कधी अंगावर पित्त उठलं असेल, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.