सुटलेले बंदर

‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या पहिल्या घोटाबरोबर विचारला जातो. वीस वर्षे पुण्यात मराठी शिकवूनही मी ‘वेंगुर्ल्याचा’ असेच उत्तर देतो, आणि देताना जरा ताठ बसतो. कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराविषयी मला जी आपुलकी वाटते, तिचे कारण हेच असावे. या प्रश्नाचे उत्तर तो जन्मभर कुंचल्याने देत राहिला.

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, बाल्टिक समुद्राजवळ ग्राइफ्सवाल्ड नावाचे बंदराचे गाव आहे. तिथे ५ सप्टेंबर १७७४ रोजी फ्रीडरिख जन्मला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवीत. घरात दहा भावंडे. सातवे वर्ष पुरे होण्याआधीच आई गेली. १७८७ च्या डिसेंबरात त्याच्या डोळ्यांदेखत धाकटा भाऊ पाण्यात बुडाला. कुणी म्हणतात बर्फ फुटले, कुणी म्हणतात होडी उलटली. कास्पारलाच वाचवताना तो गेला, असेही सांगतात. कसेही असो, तेरा वर्षांच्या त्या मुलाला पाणी काय देते आणि काय नेते, हे कुणी वेगळे शिकवण्याची गरज उरली नाही.

चित्रकलेचे पहिले धडे त्याने गावातच घेतले, १७९४ मध्ये तो कोपनहेगनच्या कलाशाळेत गेला आणि १७९८ मध्ये समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या ड्रेस्डेनला बिऱ्हाड केले. १८४० मध्ये तो तिथेच वारला. चित्रकाराची खोली म्हटली की आपल्याला रंगांच्या नळ्या, चिंध्या आणि पसारा आठवतो. पण केर्स्टिंग या त्याच्या मित्राने रंगवलेली फ्रीडरिखची खोली पाहिली तर कोणत्याही गृहिणीला धन्य वाटेल! उघड्या भिंती, एक चित्रफळी, एक खुर्ची. खिडकीचा खालचा अर्धा भाग फळ्यांनी बंद केलेला. बाहेरचे ड्रेस्डेन दिसू नये, वरचे आभाळ तेवढे दिसावे, अशी ती व्यवस्था.

मग त्याला दिसे काय? गाव! १८१८ मध्ये लग्न झाल्यावर त्याने बायकोला ड्रेस्डेनहून थेट माहेरच्या किनाऱ्यावर नेले (माहेर त्याचे, तिचे नव्हे). गावाबाहेरच्या कुरणात बागडणारे घोडे आणि मागे धूसर प्रकाशात उभे असलेले चर्चचे मनोरे, असे ग्राइफ्सवाल्ड त्याने रंगवले. गावाजवळ एल्डेना या जुन्या मठाचे विटांचे अवशेष आहेत. ते तर त्याने पुन्हा पुन्हा चितारले. एका चित्रात हा सपाट किनाऱ्यावरचा मठ त्याने चक्क दूरच्या रीझेनगेबिर्ग डोंगरांच्या पायथ्याशी नेऊन ठेवला! भूगोलाच्या शिक्षकाने शून्य गुण दिले असते. पण परगावी राहणाऱ्या माणसाच्या मनाचा भूगोल असाच असतो.

त्याचे मला सर्वांत आवडते चित्र म्हणजे १८३५ च्या सुमाराचे ‘आयुष्याचे टप्पे’. ग्राइफ्सवाल्डजवळचा किनारा, संध्याकाळची वेळ. समुद्रावर पाच गलबते, कुणी जवळ, कुणी क्षितिजाशी. किनाऱ्यावर माणसेही पाचच. काठी घेतलेला एक वृद्ध आपल्याकडे पाठ करून पाण्याच्या दिशेने चालला आहे. तो फ्रीडरिख स्वतःच, असे मानतात. मध्ये दोन मुले एक छोटेसे निशाण उंच धरून खेळताहेत. ते निशाण आहे स्वीडनचे!

यातली गंमत, आणि यातले दुःखही, असे की फ्रीडरिख जन्मला तेव्हा ग्राइफ्सवाल्डवर स्वीडनचे राज्य होते. १८१५ मध्ये ते प्रशियाकडे गेले. म्हणजे चित्र काढले तेव्हा ते राज्य जाऊन वीस वर्षे झाली होती. बापाच्या बालपणीचे, आता त्या गावावर न फडकणारे निशाण त्याने मुलांच्या हाती खेळायला दिले.

आमचे वेंगुर्ल्याचे घर गेल्या वर्षी विकले. कागदांवर सह्या झाल्या, भावाभावांत चोख वाटणी झाली, कुणाची तक्रार नाही. पण मुलगी म्हणाली, “बाबा, आता कुणी विचारलं तर मी मूळची कुठली सांगू?” तिने ते घर उन्हाळ्याच्या सुट्टीत चारपाचदाच पाहिले होते. ‘पुण्याची’ म्हणून सांग, असे म्हणणे सोपे होते. मला ते म्हणवेना. तिला मी ते चित्र दाखवले. पुष्कळ वेळ पाहून ती म्हणाली, “त्या मुलांना कुठं ठाऊक आहे ते कुठलं निशाण ते! मजेत आहेत.”

तेवढे तिला कळले, ते मला पुरेसे वाटले.

हे चित्र झाले त्याच सुमारास, १८३५ च्या जूनमध्ये, फ्रीडरिखला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचे तैलचित्रण जवळजवळ थांबले. गरिबीत तो गेला आणि लोक त्याला विसरले. १९०६ च्या बर्लिनमधील मोठ्या प्रदर्शनाने त्याला पुन्हा उजेडात आणले. २०२४ मध्ये त्याच्या जन्माला अडीचशे वर्षे झाली, तेव्हा ग्राइफ्सवाल्डने वर्षभर त्याचा उत्सव केला. डोंगरापायथ्याशी नेऊन ठेवलेल्या मठाचे ते चित्र आज त्याच गावच्या संग्रहालयात आहे. खऱ्या अवशेषांपासून थोड्याच अंतरावर. फिरून फिरून ते शेवटी घरी आले, म्हणायचे.