बसून पाहायची पँट

पँट अंगाला बसली की नाही हे दुकानाच्या आरशात कळत नाही, राजघाटावर चार पायऱ्यांत कळतं. बुऱ्हाणपूरचा हा घाट शाही किल्ल्याला लागून तापीत उतरतो. पायऱ्या दगडी, झिजलेल्या आणि एकसारख्या उंचीच्या नसलेल्या. उतरताना गुडघा पुढे येतो, चढताना मांडी पोटाकडे येते, पाण्याशी पोचलं की माणूस वाकतो, उकिडवा बसतो, मोहरी दुमडून पोटरीवर घेतो, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतो आणि पुन्हा उठतो. दिवसभरात पायांना जे जे करावं लागतं ते सगळं इथे घटकाभरात होऊन जातं. सकाळी इथे येणाऱ्यांकडे नीट बघावं. कुणी पायरी चढण्याआधी मांडीवरचं कापड चिमटीत धरून वर ओढतो. कुणी उठल्याबरोबर मागे हात नेऊन पट्टा वर सारतो. कुणी पात्रातल्या दगडी हत्तीकडे बघत नुसताच उभा राहतो, कारण बसलं तर काचतं. ती चिमूट मला फार दिसते. लोक ती इतक्या सवयीने घेतात की आपण दिवसभर स्वतःच्याच कपड्याची समजूत काढतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

मी बोलतोय ते रोजच्या पँटबद्दल. लग्नातला सूट दोन-चार तास मिरवायचा असतो, थोडा आवळला तरी निभावतं. रोजची पँट बँकेच्या रांगेत, मोटरसायकलवर, एसटीच्या बाकावर, पंगतीत, दवाखान्यात आपल्यासोबत असते. आयुष्याचा केवढा तरी भाग माणूस याच कपड्यात काढतो. आणि घराघरांत तिची खरेदी कशी होते? साडीसाठी गादीवर घड्यांचा ढीग लागतो, पोरांच्या कपड्यांना संध्याकाळ जाते, आणि घरातला कर्ता माणूस निघता निघता काउंटरवर म्हणतो, "चौतीस द्या एक, कॉफी कलर." मला हे बघून वाईट वाटतं. ज्या कपड्यात आपण राबतो, त्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा.

तो चौतीस आकडा तरी काय सांगतो? कंबरेचा घेर, बस. त्या आकड्यात सीट नाही, मांडी नाही, पोट पुढे आहे की कुशीला, हे नाही. रेडीमेड पँट बहुतेक २८, ३०, ३२, ३४, ३६ अशा समअंकांत येते. माणसं काही समअंकांत वाढत नाहीत. शिवाय एका कंपनीचा चौतीस टेप लावल्यावर पस्तिसाच्याही पुढे जातो, दुसरीचा नेमका चौतीसच भरतो. आपल्या देशातल्या शरीरांची स्वतःची मापं असावीत म्हणून 'निफ्ट' या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'इंडियासाईझ' ही पाहणी हाती घेतली. २०१८ मध्ये तिची घोषणा झाली. १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांवर लोकांची यंत्राने मापं घ्यायची आणि त्यांवरून भारतीय तक्ता बांधायचा, अशी ती योजना. शहरं ठरली सहा, त्यांत दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँगही. काम मोलाचं आहे, त्यात शंका नाही. तरी माझ्या मनात येतं, की केळीच्या बागेत दिवसभर वाकणाऱ्या रावेर-बुऱ्हाणपूरकडच्या माणसाची मांडी आणि महानगरात खुर्चीत बसणाऱ्याची मांडी एका तक्त्यात कशी मावेल?

खरी अडचण मला खुर्चीत दिसते. पँट हा खुर्चीवर बसणाऱ्या लोकांचा कपडा. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून अजमेरला निघाला असता वाटेत बुऱ्हाणपूरला थांबला आणि इथे शाहजादा परवेझच्या भेटीला गेला. इथल्या उन्हातही त्याने आपला इंग्रजी पोशाख सोडला नव्हता. त्याने बसायला खुर्ची मागितली. इथे कुणी बसत नाही, असं उत्तर मिळालं. हवं तर चांदीने मढवलेल्या खांबाला टेका, एवढी मुभा त्याला दिली गेली. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्याच्यासाठी तो मानापमानाचा प्रश्न होता, पण मी तो वाचतो तेव्हा माझी नजर त्याच्या कपड्यांकडे जाते. त्याची विजार बेतलेली होती खुर्चीसाठी, आणि तो येऊन ठेपला होता जमिनीवर मांडी घालणाऱ्यांच्या मुलखात.

आपले जुने कपडे जमिनीला ओळखत होते. धोतराच्या निऱ्या बसताना आपोआप सुटतात. लेंग्याच्या दोन पायांमध्ये मियाणीचा तुकडा असतो, त्यामुळे मांडी कशीही घाला, कापड कुठे अडत नाही. माझे वडील धोतरातून लेंग्यात आले आणि लेंग्यातून पँटमध्ये, नोकरी लागली म्हणून. घरी आल्यावर पहिलं काम पँट खुंटीला लावून लेंगा चढवायचा. मला वाटायचं, इस्त्री मोडू नये म्हणून. आता माझ्याच कंबरेवरून कळतं, की त्यांना जेवायला बसायचं असे.

टेलर लोक ज्याला आसन म्हणतात ते पँटचं मर्मस्थान. कंबरेपासून दोन पाय फुटतात तिथपर्यंतची खोली, पुढची कमी आणि मागची जास्त. माणूस बसला की मागची बाजू लांबते, पुढची आखडते. मागचं आसन अपुरं पडलं की पट्टा खाली ओढला जातो, पाठ उघडी पडते आणि शिवण काचते. फार खोल ठेवलं तर पायरी चढताना सगळी पँटच वर उचलली जाते आणि मांडी अडते. पूर्वी पँट बेंबीशी बांधत, आता ती बरीच खाली उतरली आहे, त्यामुळे मागच्या आसनाला कापडच उरत नाही. क्रॉस खिसे उभ्यानेच फाकलेले दिसले तर सीट कमी पडतेय हे समजावं. मांड्यांच्या सांध्यात आडव्या सुरकुत्या पडत असतील तर तिथे कापड ताणलं जातंय, उभ्या घड्या पडत असतील तर ते जास्तीचं झालंय. या खुणा कुणीही शिकू शकतो. मी ट्रायल रूममध्ये पँट चढवली की आधी उकिडवा बसतो, मग एक पाय स्टुलावर ठेवतो आणि मगच आरशाकडे वळतो. दुकानदार आता सरावले आहेत. स्टूल तेच आणून देतात.

तरीही माझं मन शिवून घेण्याकडेच ओढतं. शनवाऱ्याकडच्या एका गल्लीत मी ज्याच्याकडे जातो तो मास्तर वयाने माझ्याहून लहान आहे, पण हात त्याच्या वडिलांचा आहे. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. बिलबुकाच्या पानाला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाची कात्रण टाचलेली. माप घेताना तो आकडे मोठ्याने उच्चारतो आणि आतून पोरगा लिहितो. उभ्याने सगळं झालं की म्हणतो, "सर, अब बैठ के बताओ." मी पाटावर बसतो, तो मागून टेप लावतो आणि आधी लिहिलेला आकडा खोडून नवा लिहायला सांगतो. त्या खोडलेल्या आकड्यासाठी मी शिलाई देतो, असं म्हटलं तरी चालेल.

मागच्या उन्हाळ्यात मी एक जुनी पँट कंबर सोडवायला नेली होती. त्याने ब्लेडने मागची शिवण उसवली आणि पट्टा उलटा करून माझ्यासमोर पसरला. बाहेरून पार विटलेलं कापड आत मायेच्या, म्हणजे शिवणीआड राखलेल्या जादा कापडाच्या, पट्टीत गडद, जवळजवळ कोरं होतं. जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती, आधी एकदा सोडवल्याची दुसरी ओळ तिच्या शेजारी. दोन कापडांच्या मध्ये बकरम होतं, घामाने पिवळसर पडलेलं, कडेला थोडं चुरगळलेलं. "ये अपने यहाँ का माल है," तो म्हणाला आणि अंगठ्याने ते सरळ करत राहिला.

बाहेरच्यांना बुऱ्हाणपूर म्हटलं की शाही हमाम आठवतो, मुमताज आठवते, नाहीतर मावा जिलेबी. पण पँटच्या पट्ट्यात, शर्टाच्या कॉलरमध्ये आणि कफमध्ये जे कडक अस्तर लपलेलं असतं, ते बकरम आणि इंटरलायनिंग या गावच्या यंत्रमागांवर आणि कारखान्यांत मोठ्या प्रमाणात तयार होतं. मांजरपाट, ब्लीच केलेली धोतरं, कॅम्ब्रिक हेही इथलंच. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए इथून गेला तेव्हा त्याने लिहिलं, की या मुलखात आरपार दिसणारी तलम मलमल अफाट बनते आणि इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जाते. १९०६ मध्ये ताप्ती मिल उभी राहिली. मलमलीपासून बकरमापर्यंतच्या या प्रवासाला काही लोक उतरण म्हणतात. मला ते पटत नाही. मलमल मिरवायची चीज होती. बकरम कुणाला दिसत नाही, त्याचं नाव कुठल्या लेबलवर नसतं, पण ते नसेल तर पट्टा दुमडतो, हूक ओढला जातो आणि पँट कंबरेवर ठरतच नाही. आज इस्त्रीने चिकटणारं बकरम आलं आहे. ते हलकं निघालं तर धुण्यात सुटतं आणि पट्ट्यावर फोड येतात. साधं सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून, वाळवून घ्यावं लागतं, नाहीतर ते मागाहून आटतं आणि बाहेरचं कापड चुण्या धरतं. नवी पँट घेताना पट्टा दोन बोटांत धरून मुडपून पाहावा. सुरकुती न राहता तो सरळ झाला तर आतलं काम नीट आहे. मागच्या शिवणीत माया किती ठेवली आहे, तेही उलटून बघावं. रेडीमेड जीन्समध्ये ती नसतेच, तिथे शिवण दुहेरी दुमडून बंद केलेली असते. वय वाढत जाणाऱ्या माणसाने मायेशिवायची पँट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कापडाचं म्हणाल तर दुकानांत पँटपीस बहुधा भिलवाड्याचे, पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे. झटकन वाळतात, इस्त्री धरतात. इथल्या मे महिन्यात मात्र ते अंगावर सोसत नाहीत, तेव्हा सुतीच बरं. रंग निवडताना आमच्याकडे केळीचा विचार करावा लागतो. केळीचा चीक कापडाला लागला की आधी दिसत नाही, मग काळपट डाग उमटतो आणि तो कशानेही जात नाही. बागेत जाणारे म्हणून गडद तपकिरी घेतात, किंवा एक पँट कायमची त्या डागांच्या नावाने काढून ठेवतात.

बायकांच्या पँटबद्दल एवढंच लिहितो, की माझ्या मुलीच्या जीन्सला पुढे खिशाची नुसती शिवण होती, आत खिसा नव्हता. मास्तरने तिथे पॉकेटिंगचं कापड घालून खरा खिसा करून दिला. त्या दिवसापासून ती माप द्यायला माझ्यासोबत येते, आणि आसनाबद्दल मास्तरशी माझ्यापेक्षा नेमकं बोलते.

यंदा दिवाळीआधी मी दोन पँट टाकल्या आहेत. एक राखी सुती, रोजची. दुसरी काळी, थोडी जाड, थंडीत पहाटे घाटावर जायला. कच्च्या शिलाईची ट्रायल झाली. राखीचं मागचं आसन पाव इंच वाढवायचं ठरलं, काळीच्या गुडघ्याला थोडी ढील द्यायची आहे. मोहरीची लांबी मात्र मास्तरने अजून घेतलेली नाही. मी त्या दिवशी बूट घालून गेलो होतो. तो म्हणाला, रोज जी चप्पल घालता ती घालून या, मग सोडतो मोहरी.