सोल टॉर्चला १२ पुरे

प्रिय इरा,

तुझ्या बर्फातल्या गावाचे स्क्रीनशॉट पाहिले. निळ्या ज्योतींची रांग सुरेख दिसते, पण गल्ल्यांत अंधार आहे ही तुझी तक्रारही खरी. माइनक्राफ्टमध्ये साधा टॉर्च १४ उजेड देतो, कंदील १५, आणि सोल टॉर्च फक्त १०. ज्योत निळी असली तरी तिचा उजेड निळा नसतो, नुसता कमी असतो. त्या १० चे १५ करणारा मॉड लिहायचा म्हणतेस, तर जरूर लिही. फक्त १५ वर जाण्याआधी हे वाच.

१५ च्या पुढे जाताच येणार नाही, कारण प्रत्येक ब्लॉकचा उजेड चार बिटांत साठवलेला असतो आणि चार बिटांत ० ते १५ एवढेच आकडे मावतात. दर ब्लॉकला उजेड एकाने उतरतो, तिरपा जात नाही. म्हणून मोकळ्या सपाट जमिनीवर त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होतो. कागदावर चौकटी मोजून बघ: १० उजेडाचा टॉर्च १८१ चौकटींपर्यंत पोचतो, १५ चा ४२१. आकडा दीडपट, जमीन दुपटीहून जास्त! मला हे गणित फार आवडतं.

पण तो आकडा फक्त तुझे डोळे वाचत नाहीत, सगळं जग वाचतं. राक्षस कुठे उगवायचे ते तो ठरवतो. पूर्वी ७ किंवा त्याहून कमी उजेडात ते उगवायचे, २०२१ च्या १.१८ पासून वरच्या जगात दिव्याचा उजेड शून्य असेल तिथेच. म्हणजे राखणीला तुझे १० आजही भरपूर आहेत. बर्फाचं मात्र उलट आहे. दिव्याचा उजेड ११ च्या वर गेला की जमिनीवरचा बर्फाचा थर वितळतो. सोल टॉर्चपाशी तो टिकतो तो या १० मुळेच. १५ केलेस तर प्रत्येक टॉर्चभोवतीच्या २४ चौकटी उघड्या पडतील आणि ज्या गावासाठी एवढा खटाटोप, त्याच्या गल्ल्यांत चट्टे उठतील.

म्हणून माझं ऐक, १२ ठेव. १२ हा आकडा टॉर्चच्या स्वतःच्या चौकटीत राहतो, शेजारी ११ पोचतो आणि बर्फ वाचतो. उजेड २६५ चौकटींवर पसरतो. दोन टॉर्च जवळ लावलेस तरी उजेडाची बेरीज होत नाही, मोठा आकडा तेवढा धरला जातो, तेव्हा त्याची काळजी नको.

एवढ्यानं डोळ्यांचं समाधान झालं नाही, तर दुसरी वाट आहे. उजेडाच्या आकड्याला पडद्यावर कोणता रंग द्यायचा, हे १६ बाय १६ च्या एका छोट्या तक्त्यावरून ठरतं. एका बाजूला दिव्याचा उजेड, दुसऱ्या बाजूला आकाशाचा. दिव्याच्या बाजूचे मधले रंग थोडे उजळलेस की सगळेच दिवे तेजस्वी दिसतील, बर्फाला आणि राक्षसांना पत्ताही लागणार नाही. शून्याच्या घराला मात्र हात लावू नकोस. सेटिंगमधली ब्राइटनेसची पट्टी मला आवडत नाही ती याचसाठी: ती गुहेतला काळोखही फिका करते, आणि काळोख फिका झाला की टॉर्च लावण्यात मजा काय राहिली?

आता कोडकडे. जमिनीवरचा आणि भिंतीवरचा सोल टॉर्च हे दोन वेगळे ब्लॉक आहेत, दोन्ही बदल. मूळ टॉर्च तसाच ठेवून नवा ब्लॉक करणार असशील तर आणखी एक काम आहे. पिगलिन नावाचे राक्षस सोल टॉर्चला भितात ते ज्योतीच्या रंगामुळे नव्हे, तर त्याचं नाव एका टॅगच्या यादीत आहे म्हणून. तुझ्या नव्या ब्लॉकचं नाव त्या यादीत घातलं नाहीस, तर ते खुशाल त्याच्याजवळ येतील.

आधी जगाची एक प्रत काढून तिच्यावरच चाचणी घे. चालला की फाइल मला पाठव, माझ्याही डोंगरावर बर्फ आहे.

तुझी,
मावशी