पहाटेचं पाठांतर

गेल्या महिन्यात मुलाकडे राहायला गेले होते. नात यंदा दहावीला आहे. हल्ली मला रात्री तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच, मग छताकडे बघत पडून राहते. पहिल्याच दिवशी बरोबर साडेचारला चिरंजीवांच्या चपला वाजल्या, नातीच्या खोलीत दिवा लागला आणि आवाज आला, "ऊठ, पहाटेचं पाठांतर पक्कं होतं!"

वाक्य माझं होतं. आवाजातला चढसुद्धा माझाच.

1991 साली तो स्वतः दहावीला होता. मी मराठी-संस्कृत शिकवणारी, तेव्हा पाठांतराचं वेड घरातही. त्याला चारला उठवायची. तो डोळे मिटूनच टेबलाशी येऊन बसायचा. मी डोळ्यांना पाणी लावायची, चहा द्यायची. एकदा तर थंडीत गॅलरीत उभं करून शब्दरूपं म्हणायला लावली. पूर्वपरीक्षेत इतिहासाच्या पेपराला त्याला सनावळ्या आठवेनात. आदल्या रात्री अकरापर्यंत मीच त्या म्हणून घेतल्या होत्या, घडाघडा आल्या होत्या! मी त्याला खूप बोलले. "आळशी" हा शब्द तर त्या वर्षी मी रोज वापरला असेल.

हे सगळं विसरले होते. त्या साडेचारच्या हाकेने वर आलं.

माझी एक भाची जीवशास्त्र शिकवते. तिला फोन करून विचारलं, पहाटेच्या पाठांतरात खरंच काही तथ्य आहे का गं? ती तासभर बोलली. मी बीए मराठीची, त्यामुळे जेवढं पचलं तेवढं सांगते.

आपल्या केळ्यांवर घोंगावतात ना, त्या फळमाश्यांपासून गोष्ट सुरू होते. या माश्या कोशातून साधारण पहाटे बाहेर पडतात. अमेरिकेत सेमूर बेंझर आणि त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांना वेळ न पाळणाऱ्या माश्या सापडल्या. एका वाणाचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा, तिसऱ्याला तर दिवस-रात्रीचं भानच नाही. आणि तिन्हींतला बिघाड एकाच जीनमध्ये! हे 1971 साली प्रसिद्ध झालं. त्या जीनचं नाव 'पीरियड'. तो चालतो कसा, हे पुढे ज्यांनी उलगडलं त्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं.

मला ते घटिकापात्रावरून समजलं. लग्नघरी भटजी पाण्यात भोक पाडलेली वाटी सोडत. ती हळूहळू भरे, बुडे, रिकामी करून पुन्हा सोडत. पेशीतही तसंच. हा जीन एक प्रथिन तयार करवतो. ते रात्री साठत जातं, पुरेसं साठलं की पेशीच्या केंद्रकात शिरून त्याच जीनला गप्प बसवतं. मग प्रथिन झिजतं, संपतं आणि जीन पुन्हा कामाला लागतो. एक फेरा 24 तासांचा. आपल्या प्रत्येकात अशी वाटी आहे, फक्त भोक सगळ्यांचं सारखं नाही. 2001 साली एका कुटुंबात असाच जीन थोडा बदललेला आढळला. ती माणसं संध्याकाळी साडेसातला पेंगत आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होत. आमच्या शाळेत त्यांना आदर्श विद्यार्थी म्हणून बक्षीस मिळालं असतं!

वयानेही हे घड्याळ सरकतं. वयात येताना ते मागे पडतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. म्हातारपणी पुढे धावतं. म्हणजे माझं तीनला उठणं आणि त्याचं न उठणं, दोन्ही एकाच यंत्राचं काम. यात आळस कुठे आला?

आता पाठांतराचं. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग केले (नोबेल, 2000). थोडा वेळ टिकणारी आठवण पेशींच्या आहे त्या जोडण्यांत फेरफार करून भागते. टिकाऊ आठवणीसाठी मात्र केंद्रकातले जीन जागे व्हावे लागतात, नवी प्रथिनं बनावी लागतात, नव्या जोडण्या फुटाव्या लागतात. हे बांधकाम आहे आणि त्याला वेळ लागतो. 1994 मध्ये उंदरांच्या मेंदूत असंही दिसलं, की दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेततात. जणू उजळणीच. शिकल्यानंतर उंदरांना काही तास झोपूच दिलं नाही, तर ते शिकलेलं त्यांना नीट आठवत नाही.

म्हणजे रात्री अकराला सनावळ्या घेतल्या मी आणि चारला उठवून ती उजळणी मोडलीही मीच.

मग आमच्या वडिलांचं पहाटेचं पाठांतर कसं पक्कं झालं? ते सोपं आहे. खेड्यात रात्री आठ-साडेआठला कंदील मालवत. चारपर्यंत त्यांची साडेसात तास झोप झालेली असे. आम्ही नियम तोच ठेवला आणि घरात ट्यूबलाइट आणि टीव्ही आणला.

2024 साली आपल्या सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. चांगलंच आहे. पण घड्याळ मागे पडतं ते त्यापुढच्या मुलांचं! त्यांचा विचार कोण करणार? असो.

हे सगळं मी एका रात्री जेवताना सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, तूच तर उठवायचीस."

"हो," म्हटलं, "चुकलं माझं. त्या इतिहासाच्या पेपराचंही." पस्तीस वर्षांपूर्वीचा पेपर त्याच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं. तो जेवायचा थांबला, म्हणाला, "सत्तावन्न मार्क होते." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

आता तो तिला सहाला उठवतो. पण त्या बदल्यात रात्री दहाला तिचा मोबाइल काढून घेतो. उजेडाने हे घड्याळ आणखी मागे पडतं, हेही मीच सांगून बसले होते. नात तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये.