गेज बदलताना

बालाघाटच्या रेल्वे स्थानकात २०१५ सालापर्यंत काही वर्षे दोन मापांचे रूळ शेजारी नांदत होते. गोंदियाकडून येणारी ब्रॉडगेज, रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. आणि सातपुड्यातून नैनपूरकडे जाणारी नॅरोगेज, अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. गोंदियाहून येऊन नैनपूरला जाणाऱ्याने येथे ट्रंका, गाठोडी आणि मुलेबाळे घेऊन उतरायचे व छोट्या गाडीत चढायचे, असा रिवाज होता. माणसे पोचत, सामानही पोचे. खिडकीजवळ मिळवलेली जागा आणि शेजाऱ्याशी रंगात आलेली गोष्ट मात्र मागच्या डब्यातच राही. हे सारे गतवर्षी पुन्हा आठवले, ते एका संगणकापुढे बसलो असताना.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते त्या छोट्या लाईनीवर गार्ड होते. गाडीला उशीर झाला की किती मिनिटे आणि कशामुळे, हे गार्डाने आपल्या वहीत लिहायचे असते. दादांनी ते आयुष्यभर नेमाने लिहिले. २००९ साली ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने, आमच्या पुतण्याने, एक हँडीकॅम मिळवला, वडिलांना पुन्हा त्याच गाडीत बसवले आणि बालाघाट ते नैनपूर हा प्रवास तीन फितींवर टिपला. लामट्याकडचे जंगल, वळणावर दिसणारे पुढचे इंजिन, आणि मधूनमधून दादांचे बोलणे. त्या तीन तासांतून चोवीस मिनिटांचा चित्रपट पुतण्याने संगणकावर बेतला. काय ठेवायचे व काय गाळायचे, हे ठरवण्याचे काम घरातला शिकलेला माणूस आणि त्यातून शासकीय अधिकारी म्हणून आमच्याकडे आले. आम्ही एक वही केली आणि तीत शेरे लिहीत गेलो. दादा २०१२ साली निवर्तले.

गतवर्षी दादांच्या नातीने आजोबांना पाहायचा हट्ट धरला. डीव्हीडी काढली, तर ती चालेना. नागपूरला पुतण्यास फोन केला. तो म्हणाला, "काका, डीव्हीडीचं सोडा. माझ्याकडे प्रोजेक्ट आहे."

तोवर प्रोजेक्ट म्हणजे धरण किंवा रस्ता, एवढेच आम्हांस ठाऊक. पुतण्याने समजावले तेव्हा कळले, की चित्रपटाच्या प्रोजेक्टमध्ये चित्रे नसतातच. चित्रे दुसरीकडे, डिस्कवर जशीच्या तशी पडून असतात. प्रोजेक्टमध्ये असतात ते केवळ निर्णय: कोणत्या फितीतला, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा तुकडा घ्यावा आणि तो कोठे ठेवावा. आपल्याकडच्या चित्रफितीत एका सेकंदात पंचवीस चौकटी असतात आणि प्रत्येकीला तास, मिनिट, सेकंद व चौकट असा क्रमांक असतो. आमच्या मध्य प्रदेश शासनात फाईलीला 'नस्ती' म्हणतात. नस्तीत एका बाजूस पत्रव्यवहार असतो आणि दुसऱ्या बाजूस नोटशीट. बाहेर जातो तो आदेश. डीव्हीडी हा आदेश होता. प्रोजेक्ट ही नोटशीट.

अडचण अशी, की ज्या प्रणालीत ते काम झाले होते, ती नव्या संगणकावर चालत नव्हती आणि दुसऱ्या प्रणालीला ती नोटशीट वाचता येत नव्हती. हे दुखणे आमच्या घरचेच नव्हे. २०११ साली ॲपल कंपनीने फायनल कट प्रो एक्स ही नवी प्रणाली आणली, तेव्हा तिच्यात त्याच कंपनीच्या सातव्या आवृत्तीतले प्रोजेक्ट उघडत नव्हते. पुढल्या वर्षी तिसऱ्याच मंडळींनी तर्जुम्याचे साधन काढले. प्रश्न त्याहूनही जुना आहे. सेल्युलॉइडच्या काळी संकलक कामचलाऊ प्रतीवर कातरी चालवी, आणि मूळ निगेटिव्ह कापणारा काठावरचे क्रमांक जुळवून तेच काप उतरवी. तोही एक तर्जुमाच होता. १९७१ साली सीएमएक्स नावाचे संकलनयंत्र आले. त्या घराण्यातून निर्णयांची एक साधी यादी रूढ झाली: तुकड्याचा अनुक्रमांक, फितीचे नाव, आरंभ आणि शेवट. ती कोणालाही डोळ्यांनी वाचता येते, म्हणूनच यंत्रे गेली तरी यादी टिकली. आता पिक्सार या चित्रसंस्थेने सुरू केलेले ओपनटाइमलाइनआयओ नावाचे खुले साधनही त्याच कामी येते.

पुतण्याने जुना संगणक कसाबसा जागा केला. जुन्या प्रणालीच्या आतूनच सारे निर्णय एक्सएमएल नावाच्या मध्यस्थ बोलीत उतरवून घेतले आणि नव्या प्रणालीस वाचायला दिले. आम्ही त्यासाठी नागपूरला गेलो होतो. पडद्यावर एकशे बारा तुकडे ओळीने उभे राहिले, एका चौकटीचाही फरक न होता. पण सारेच आले नव्हते. पहाटेच्या दृश्याला दिलेला रंग आला नाही. शिटीचा आवाज हळूहळू विरत जाई, तो आता एकदम तुटत होता. मराठी शीर्षकांच्या जागी रिकामे चौकोन होते. या शेवटच्या गोष्टीचे आम्हांस नवल वाटले नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला, की 'वैनगंगा'चे काय होई, हे आपल्या मंडळाच्या अनेक सभासदांनी भोगले आहे.

मग तो सदतिसावा तुकडा आला. दादा डब्याच्या दारात उभे आहेत आणि म्हणतात, "अठराव्या वर्षी रेल्वेत लागलो." लगेच पुढे पुलाचे दृश्य. पुतण्या म्हणाला, "काका, ही कड ओढली की मागचं सगळं बाहेर येतं," आणि त्याने ती ओढली. दादा बोलतच होते: "वडील गेले तेव्हा. धाकटा हुशार होता. म्हटलं, एकानं शिकावं, एकानं झेंडी दाखवावी." मग ते हसले आणि हिरवी झेंडी काखेत धरून बाहेर पाहू लागले. अकरा सेकंद.

ही जागा आम्ही विसरलो होतो, असे म्हणता येणार नाही. घरी परतल्यावर वही काढली. सदतिसाव्या तुकड्यापुढे आमच्याच अक्षरात शेरा होता: "विषयांतर. वगळावे." विषयांतर कसले! तो चित्रपट आम्ही कार्यालयातल्या सहकाऱ्यांना दाखवणार होतो. साहेबांची पदवी भावाच्या झेंडीवर झाली, हे चारचौघांत ऐकवण्यास जीभ रेटेना, एवढेच. दादांनी तयार चित्रपट पाहिला. ती जागा येऊन गेली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. शेवटी इतकेच म्हणाले, "गाडी छान दिसते रे."

नोकरीत बदली झाली की नव्या अधिकाऱ्याकडे कार्यभार सोपवावा लागे. नस्त्यांची यादी, किल्ल्या, शिक्के, सह्या. यादी तंतोतंत जुळे, पण अमुक निर्णय खरोखर का झाला, हे कोणत्याच यादीत नसे. संगणकाचेही तसेच. कोठे कापले ते तो एका प्रणालीतून दुसरीत इमानाने नेतो. का कापले, ते त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आणि आमच्यासारखा कोणी सांगतो, तेही खोटे. तरीही एक गुण मानावा लागेल. आदेशात जे गाळले ते कायमचे गेले. नोटशीट जपली, तर गाळलेलेही जवळच कडेला उभे असते, कोणी ओढून घेईल या आशेने.

शीर्षके पुन्हा टंकली, शिटी पुन्हा विरू लागली. आणि प्रोजेक्टसोबत आम्ही एक साधा कागद ठेवला आहे, पुढे कधी तिसरी प्रणाली आली तर तिच्या माणसांसाठी. त्यावर दिनांक घालून लिहिले आहे: तुकडा क्रमांक ३७, पूर्वीचा निर्णय आमचा, नोंदलेले कारण खरे नव्हते, अकरा सेकंद परत घेतले.

त्यामुळे पुढचे सारे तुकडे सरकले आणि दादांची गाडी आता नैनपूरला अकरा सेकंद उशिरा पोचते. उशीर झाला तर कारण लिहावे, हा त्यांचा नेम होता. आम्ही लिहिले आहे.